दाब, धर, सोड

काठी निसटली आणि पेडल फाडकन वर आलं.

मी गाडीच्या मागच्या डाव्या चाकापाशी पोत्यावर आडवी पडले होते. हातात पाना, अंगात मुलाची जुनी ट्रॅकपँट आणि वर ह्यांचा शर्ट. नळीतून बाटलीकडे सरकणारं तेल जागीच थबकलं आणि माझ्या डोळ्यांदेखत उलटं आत गेलं, त्याच्या मागून हवा. जी हवा काढायला सकाळपासून कंबर मोडत होते, तिच्या दुप्पट हवा मीच ब्रेकमध्ये भरून ठेवली होती. पाना फरशीवर आपटला आणि ह्यांच्या नावानं तोंडाला येईल ते बोलले. ऐकायला पार्किंगमध्ये कुणी नव्हतं. हे तर थंडीतच गेले होते.

आता सगळं नीट सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई गाडीखाली करत काय होती.

साताऱ्यात शाहूनगरला, अजिंक्यताऱ्याच्या उतारावर आमची बिल्डिंग आहे. हे पाटबंधारे खात्यात होते. समर, आमचा एकुलता एक, कॉलेजात गेला त्या वर्षी ह्यांनी एका डॉक्टरांकडून त्यांची जुनी लान्सर घेतली. जपानी बनावटीची म्हणून ह्यांना तिचं कोण कौतुक. मी तिला जपानीणच म्हणायचे. घरात सवत आणलीत म्हणून चिडवायचे, तर हे गालातल्या गालात हसायचे आणि फडकं घेऊन खाली जायचे. त्या गाडीला गॅरेजवाल्याचा हात कधी लागला नाही. ऑइल बदलायचं, प्लग साफ करायचे, पट्टे तपासायचे, सगळं रविवारी सकाळी पार्किंगमध्ये पोतं पसरून. पुढं ते मॉडेल बंद झालं, पार्ट मिळेनासे झाले, तरी हे कुठून कुठून शोधून आणायचे. रिटायर झाल्यावर तर विचारूच नका.

बाकी कामात माझी गरज नसायची. ब्रेकच्या कामाला मात्र मला खाली बोलावलं जायचं. ब्रेकच्या तेलात हवा शिरली की पेडल दाबलं तरी ते मऊ मऊ आत जातं आणि गाडी थांबत नाही. ती हवा काढायला एकानं सीटवर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकामागचा छोटा नट सैल करायचा, हवा आणि तेल नळीवाटे बाटलीत येतं, मग नट परत आवळायचा. नट आवळेपर्यंत पेडलवरचा पाय हलता कामा नये. हलला की हवा परत आत. म्हणून हे खालून हुकूम सोडायचे, "दाब. धर. सोड." चारी चाकांना तेच. मी कुरकुरत जायची. गॅसवर वरण ठेवून, कधी अर्धी वेणी घालून. पण जायची.

तर हे गेले. एका सकाळी फिरून आले, चपला काढल्या, सोफ्यावर बसले आणि गेले. समर हैदराबादहून आला, सुनेला, ऋतुजाला, रजा मिळाली नाही म्हणून एकटाच. दिवस झाले, परत गेला. जाताना ठरवूनच गेला की आईनं आता एकटं राहायचं नाही. गाडी विकायची, फ्लॅट भाड्यानं द्यायचा आणि मी हैदराबादला जायचं. फोनवर रोज हेच. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मला जायचं नव्हतं, हे खरं. माझी खिडकी, माझा किल्ला, माझी भाजीवाली. पण नाही म्हणायला काहीतरी कारण सांगावं लागतं, आणि इथं माझं असं कोण होतं? हे असताना कधी वाटलं नाही. हे गेल्यावर कळलं की आमच्या घरात येणारी-जाणारी माणसं सगळी ह्यांची होती. भरल्या बिल्डिंगमध्ये मला दिवसदिवस कुणाशी बोलायला मिळायचं नाही. संध्याकाळी टीव्ही लावायचे तो आवाजासाठी, बघायला नाही.

मग समरनं तिकडूनच गिऱ्हाईक शोधलं, कोरेगावचं कुणीतरी. रविवारी येऊन गाडी नेणार. गाडी गेली की पुढच्या आठवड्यात मी, असं सगळं पक्कं. एकाच्या मागोमाग एक निघायचं होतं, आधी जपानीण, मग मी.

गिऱ्हाइकाला दाखवायची म्हणून मी गाडी सुरू केली. मला गाडी येते, ह्यांनीच शिकवली होती. गेटपर्यंत नेली आणि ब्रेक दाबला तर पेडल खालपर्यंत गेलं. हँडब्रेक ओढला म्हणून बरं, नाहीतर गेटसकट खालच्या रस्त्यावर गेले असते. कशीबशी परत जागेवर लावली आणि तशीच बसून राहिले. समरला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, जाऊ दे, तो माणूस करून घेईल. पण त्या माणसाला ह्याच उतारावरून जायचं होतं. आणि खरं सांगू का, ह्यांनी आयुष्यभर जपलेली गाडी ब्रेक नसताना दुसऱ्याच्या हातात द्यायची, हे मला जमणार नव्हतं. एका मेकॅनिकला फोन केला. येतो म्हणाला. दुसऱ्या दिवशीही येतो म्हणाला. तिसऱ्या दिवशी त्यानं फोन घेतला नाही.

म्हटलं, आपणच करू. एवढी वर्षं बघतोय. फक्त पेडल दाबायला कुणीतरी हवं.

आणि तिथं माझं घोडं अडलं. जिन्यात उभी राहून मी एकेक दार आठवून पाहिलं. खालच्या देवधरवहिनी लेकीकडं. समोरच्या शिर्के मास्तरांना गुडघा वाकवता येत नाही. वरच्या मजल्यावरची नवी मुलगी चांगली, हसते बिचारी, पण तिचं नावसुद्धा मला माहीत नाही. हे गेले तेव्हा ह्याच सगळ्यांनी डबे दिले होते, खांद्यावर हात ठेवला होता, काही लागलं तर सांगा म्हणाले होते. आता लागत होतं. पण "जरा खाली येऊन अर्धा तास माझ्या गाडीचं पेडल दाबता का?" असं म्हणायला माणूस हक्काचं लागतं. शेवटी मी कुणाचंच दार वाजवलं नाही.

घरातून ह्यांची फिरायला जायची काठी आणली. एक टोक पेडलवर, दुसरं सीटला टेकवून घट्ट बसवलं. म्हटलं, ही धरून राहील. नवा डबा कशाला, म्हणून कपाटात उरलेलं ब्रेकचं तेल वापरलं. जॅक लावला, लाकडाचा ठोकळा सरकवला, पान्यावर उभी राहून नट सैल केले, चाक काढलं. पहिल्या खेपेला काठीनं साथ दिली. मी नट सैल केला, आवळला, आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. नट आवळायला चुटकी वाजवण्याइतकाही वेळ लागत नाही. ह्यांचं "धर" आणि "सोड" यांच्यामध्ये तर माझ्या पोटरीला गोळे यायचे. हे एवढा वेळ खाली करायचे तरी काय? दुसऱ्या खेपेला काठी निसटली. पेडल खाली गेलं की काठी सैल पडणार, एवढं साधं मला सुचलं नव्हतं.

संपलेल्या तेलाचा डबा घेऊन मी पोवई नाक्याला मुनीरभाई मुलाणींच्या दुकानात गेले. ह्यांचं सगळं सामान तिथूनच यायचं. मला पाहिल्यावर मुनीरभाई काउंटरच्या मागून उठून उभे राहिले. साहेबांबद्दल हळहळले, चहा मागवला. ब्रेकच्या तेलाला काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा मी काठीची सगळी हकीकत सांगितली. ते हसू दाबत होते ते मला दिसलं.

"वैनी, काठी कशाला?" ते म्हणाले. "साहेबांनी नळी नेलीय की माझ्याकडनं. एकट्यानं हवा काढायची. तिच्या टोकाला झडप हाय, तेल भायर येतं, आत काय जात न्हाई. नळी लावायची, आपण सीटवर जाऊन बसायचं, पेडलनं पंप मारत ऱ्हायाचं. दुसरं माणूस लागतंच न्हाई."

मी म्हटलं, मुनीरभाई, तुम्ही दुसऱ्या कुणाचं सांगताय. आमच्याकडं अशी काही नळी नाही. ब्रेकला दर वेळी मीच असायची.

"असं कसं? मीच दिली. तुमचा पोरगा कालेजात होता तवा. मीच म्हटलं, साहेब, वैनींना कशाला तरास देता, ही घ्या." मग तेलाचा डबा पिशवीत घालता घालता ते सहज म्हणाले, "साहेबांचं ब्रेकवर लई ध्यान. आमचं गिऱ्हाईक वर्सा-दोन वर्सानं एकदा तेल बदलतं. साहेब सणवार आला की डबा न्यायचे. एवढ्यांदा लागत न्हाई खरं तर. पण हौस असती एकेकाला."

रिक्षात बसले तेव्हा डोक्यात नुसती आग. म्हणजे मी खुळी! दसऱ्याला एकदा, दिवाळीला एकदा, पाडव्याला एकदा. कडाकणी तळणीत टाकून मी खाली गेले आहे. माझी बहीण घरात पाहुणी आलेली असताना तिला एकटं बसवून गेले आहे. आणि ह्या माणसाकडं नळी होती! घरी आल्या आल्या हत्यारांची पेटी काढली. लोखंडी, तीन कप्प्यांची, तिला मी कधी हात लावला नव्हता. वरच्या कप्प्यात पाने, मधल्यात प्लग आणि वायरी. तळाच्या कप्प्यात, फडक्याखाली, ते पाकीट होतं. प्लॅस्टिकचं, वरून पुठ्ठ्याची पट्टी आणि तिला पिन मारलेली. पिन गंजून गेली होती. कुणी ती कधी उघडलीच नव्हती.

मी ते पाकीट मांडीवर घेऊन फरशीवर बसले. राग होताच. पण तो धरून ठेवता येईना, कारण मला दुसरंच आठवायला लागलं.

आमचे हे घरात बोलत नसत. म्हणजे भांडण वगैरे नाही, स्वभावच. जेवताना मीठ द्या, संध्याकाळी येतो, एवढंच. नवीन लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, ह्यांना मी आवडले नाही की काय. पण गाडी आल्यावर, मी त्या सीटवर पाय दाबून बसलेली आणि हे खाली चाकापाशी, तोंड दिसत नाही, हात दिसत नाहीत, अशा वेळी ह्यांना वाचा फुटायची. "धर" म्हणायचे आणि मग खालून आवाज यायचा. सासूबाईंना दाखवायला पुण्याला न्यावं लागेल, हे मला तिथंच कळलं. समरनं मुलगी पसंत केलीय, हेही ह्यांनी मला तिथंच सांगितलं, आणि तुला कसं वाटतं म्हणून विचारलं. एकदा तर म्हणाले होते, शैला, तू शिवणाचा क्लास माझ्यामुळं सोडलास ना. मी म्हटलं, पाय दुखतोय, सोड म्हणा आधी. तरी ते मी उत्तर देईपर्यंत "सोड" म्हणाले नाहीत.

मला रडू आलं. हे गेल्यापासून लोकांसमोर रडून झालं होतं, ते निराळं. त्या दिवशी मी पाकीट मांडीवर घेऊन एकटी हमसून हमसून रडले. मग उठले, तोंड धुतलं, पाकीट होतं तिथं फडक्याखाली ठेवून दिलं आणि समरला फोन लावला.

त्याला म्हटलं, गाडीचे ब्रेक गेलेत. गिऱ्हाईक यायच्या आधी हवा काढायला हवी. त्यानं अपेक्षेप्रमाणं मेकॅनिक, गॅरेज, टो करून नेणारी गाडी असं सगळं सांगून पाहिलं. मी ऐकून घेतलं.

"ते काम एकट्यानं होत नाही," मी म्हटलं. "पेडल दाबायला माणूस लागतं. तू ये."

"आई, मी पेडल दाबायला हैदराबादहून येऊ?"

"हो."

  शेवटी म्हणाला, शनिवारी सकाळी पोचतो.

शनिवारी आला तो बसनं, चुरगळलेल्या शर्टात. उतरला तेव्हाच मला तो वाळलेला वाटला. ऋतुजा कशी आहे विचारलं, तर ठीक आहे म्हणाला. फोनवरही हेच म्हणायचा, तेवढ्याच सुरात. पोहे खाल्ले, दुसऱ्यांदा मागून घेतले. असं तो शाळेत असताना करायचा. मग आम्ही खाली गेलो. मला ट्रॅकपँटमध्ये पाहून हसला, म्हणाला, ही माझी आहे. मी म्हटलं, होती. तू सीटवर बस.

मागचं डावं चाक आधी, पेडलपासून सगळ्यात लांबचं. मी पोत्यावर आडवी झाले, नळीचं टोक ह्या वेळी आठवणीनं बाटलीतल्या तेलात बुडवलं. दाब म्हटलं, त्यानं दाबलं. धर म्हटलं, नट सैल केला, काळं तेल बुडबुड करत बाटलीत आलं, नट आवळला, सोड. परत. परत. पोराचा पाय भक्कम होता. बुडबुडे कमी होत गेले, तेल स्वच्छ यायला लागलं. ह्यांच्या जागी पडल्यावर मला कळलं, तिथून सीटवरच्या माणसाचा फक्त आवाज येतो. उघड्या दारातून खाली एक पाय दिसतो, बाकी काही नाही.

मागच्या उजव्या चाकाला, शेवटच्या खेपेला, मी "धर" म्हटलं आणि नट आवळला. सोड म्हणायचं ते म्हटलं नाही.

"समर," मी म्हटलं, "मी हैदराबादला येणार नाही."

 पेडलवरचा पाय तसाच होता.

"गाडीपण द्यायची नाही मला. इथं माझं कुणी आहे म्हणून नाही. इथंही मी एकटीच आहे. पण माझ्या घरात एकटी आहे. तिथं तुम्ही दोघं कामावर गेल्यावर मी परक्या घरात एकटी असेन. ते मला झेपायचं नाही. तुला वाईट वाटेल म्हणून तोंडावर सांगायचं धाडस होत नव्हतं."

"आई, पाय दुखतोय."

"सोड."

पेडल वर आल्याचा आवाज आला. मी चाक बसवायला घेतलं, तोही उतरून हात द्यायला आला, पण माझ्याकडं बघेना. मला वाटलं, चुकलं, असं सांगायला नको होतं. पुढच्या चाकाला मोठा पाना लागतो, वर पेटीत आहे, एवढं बोलले. तो वर गेला.

बराच वेळ लागला त्याला. पाना वरच्याच कप्प्यात होता, समोरच. मी दोनदा जिन्याकडं पाहिलं. शेवटी आला, पाना माझ्या हातात दिला आणि न सांगता सीटवर जाऊन बसला.

"दाबू?" त्यानं विचारलं.

दाब म्हटलं. धर म्हटलं. नट सैल केला, आवळला. सोड म्हणणार, तेवढ्यात तो म्हणाला, "थांब. नको म्हणूस."

मी पाना हातात धरून पडून राहिले.

"ऋतुजा गेली, आई. दिवाळीच्या आधी. बेंगळुरूला नोकरी घेतली म्हणून गेली, पण परत येणार नाही. आमचं ठरलंय तसं." त्याचा आवाज सपाट होता, बातमी वाचल्यासारखा. "पप्पांना सांगणार होतो. तेवढ्यात ते गेले. मग तुला कुठल्या तोंडानं सांगायचं? मी तुला तुझ्यासाठी बोलवत नव्हतो. तू एकटी आहेस म्हणून नाही. घरी गेल्यावर दिवे मलाच लावावे लागतात. तुझी खोली मी आवरून ठेवलीय, पडदेसुद्धा लावलेत."

तेवढं बोलेपर्यंत ठीक होता. पडद्यांचं बोलला आणि त्याचा आवाज फुटला. उघड्या दारातून मला त्याचा पाय दिसत होता, पेडलवर टेकलेला. पण त्यानं तो काढला नाही. मला उठून त्याच्याजवळ जायचं होतं. माझं लेकरू तिकडं रिकाम्या घरात जेवतंय आणि मी इथं स्वतःच्या खिडकीचं कौतुक करत बसले होते. पण मी उठले नाही. उठले असते तर तो डोळे पुसून, काही नाही, काही नाही, म्हणाला असता. मी त्याला ओळखते, बापावर गेलाय.

पडल्या पडल्याच त्याला विचारत राहिले. जेवतोस कुठं? झोप लागते का? तिच्याशी बोलणं होतं का? तो एकेकाचं उत्तर देत गेला. काही उत्तरं मला आवडली नाहीत. ऋतुजाची चूक नव्हती असं तो म्हणाला, तेव्हा मी तोंडाशी आलेलं गिळलं. ती पोरगी मला आवडायची, अजून आवडते. वरून नवी मुलगी खाली आली, आम्हाला पाहून हसली, स्कूटी काढून गेली. तिला काय वाटलं असेल कोण जाणे.

"सोड," मी शेवटी म्हटलं. मग आम्ही चौथं चाक केलं. त्या वेळी नुसतं दाब, धर, सोड.

संध्याकाळी आम्ही गाडी काढली. मी चालवत होते, तो शेजारी. आमच्या उताराच्या अगदी टोकावरून तशीच खाली सोडली आणि वळणाच्या अलीकडं ब्रेक दाबला. पेडल टणक, पायाखाली दगड असावा तसं. गाडी जागच्या जागी थांबली आणि समरचं डोकं पुढं आलं. तो हसायला लागला. मीही हसले. ह्यांच्यामागं त्या गाडीत कुणी हसलं ते पहिल्यांदाच.

रविवारी सकाळी कोरेगावच्या माणसाचा फोन समरच्याच मोबाईलवर आला. निघालोय, तासाभरात पोचतो म्हणून. मी चहा गाळत होते. समर बाल्कनीत उभा राहून खाली गाडीकडं बघत होता.

"नका येऊ," तो म्हणाला. "गाडीच्या ब्रेकचं काम निघालंय. नाही, एवढ्यात नाही होणार. बरेच दिवस चालेल." फोन खिशात टाकला आणि मला म्हणाला, चहात आलं घातलंस का.

ही गोष्ट आता बरीच जुनी झाली. जपानीण अजून आहे, मीही आहे. तिचा रंग उडालाय, माझे केस. समर हैदराबादलाच आहे, त्यानं छोटं घर घेतलं. कधी मी आठ-पंधरा दिवस जाऊन येते, पडदे चांगले आहेत. पण सण जवळ आला की त्याचा फोन येतो, आई, ब्रेक कसे आहेत? मी म्हणते, मऊ लागतायत जरा. मग तो येतो. मी खाली पडते, तो सीटवर बसतो. हल्ली माझी कंबर धरते, तेव्हा उलटं करतो, तो खाली आणि मी सीटवर. नव्या मुलीचं नाव मृण्मयी आहे, ती आता नवी राहिलेली नाही. आम्ही खाली दिसलो की तीन कप चहा घेऊन येते.

गेल्या दसऱ्याला आम्ही दोघं तेल आणायला मुनीरभाईंकडं गेलो. ते आता दुकानात नुसते खुर्चीवर बसतात. मी डबा मागितला तर त्यांनी चष्मा वर केला.

"वैनी, आत्ता तर नेला होता की. एवढ्यांदा हवा काढायला लागत न्हाई वो. आन् तुमच्याकडं तर ती..."

मी काउंटरवरच्या प्लगच्या डब्यांकडं बघायला लागले. एवढ्या वर्षांत मी समरला त्या पाकिटाबद्दल एक अक्षर बोलले नव्हते.

"ती नळी होय?" समर म्हणाला. "आहे की, मुनीरभाई. पप्पांच्याच पेटीत आहे." त्यानं तेलाचा डबा काउंटरवरून उचलून पिशवीत टाकला. "पण ती चालत नाही. त्याला दोन माणसंच लागतात."